पडली, की उडी घेतली?

बुडून मेलेल्या माणसाचं शरीर पुष्कळ काही सांगतं. फुप्फुसं फुगलेली असतात, नाकातोंडाशी बारीक फेस असतो, हाडांच्या मगजात कधी कधी पाण्यातले डायटम, म्हणजे सूक्ष्म शैवाल, सापडतात. माणूस जिवंतपणी पाण्यात गेला की मेल्यावर टाकला गेला, हे त्यावरून बऱ्याचदा ठरवता येतं. पण तो पाण्यात गेला कसा? पाय घसरला, स्वतःहून उडी घेतली, की कुणी ढकललं? तिन्ही प्रकारांत शवविच्छेदनाच्या टेबलावर दिसतं ते सारखंच, आणि पी.एम. रिपोर्टवर उमटते ती ओळही सारखीच: बुडून श्वासावरोध.

माझी सारी नोकरी न्यायवैद्यकशास्त्रात झाली, ती बहुतेक विदर्भातल्या सरकारी रुग्णालयांत. त्यातली बरीच वर्षं माझं ठाम मत होतं की त्या ओळीच्या पुढे डॉक्टरनं एक पाऊलही टाकू नये. मृत्यूचं कारण आम्ही सांगावं आणि तो कसा घडला ते पोलिसांनी शोधावं. मेलेल्या माणसाच्या मनात काय चाललं होतं हे त्याच्या नातेवाइकांना, शेजाऱ्यांना विचारत फिरायचं आणि त्याला ‘सायकॉलॉजिकल ऑटोप्सी’ असं भारदस्त नाव द्यायचं, हे मला पटत नव्हतं. शरीर खोटं बोलत नाही, माणसं बोलतात, हे वाक्य मी दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांना ऐकवत असे.

ते मत पुढे बदललं. मी या पद्धतीची कट्टर पुरस्कर्ती झाले. आणि काही काळानं ते मतही बदललं. आज मी जिथे उभी आहे तिथे या दोन्ही वळणांवरून आले आहे, म्हणून दोन्ही सांगते.

माझा पहिला आक्षेप पोकळ नव्हता. आजही त्यातला मोठा भाग मला खराच वाटतो. आपल्याकडे संशयास्पद मृत्यूबद्दल बोलणाऱ्या प्रत्येक माणसाचं त्या उत्तरात काही ना काही अडकलेलं असतं. लग्नाला सात वर्षं पूर्ण व्हायच्या आत सून गेली, तर इन्क्वेस्ट पंचनाम्याला नायब तहसीलदार येतात, कारण हुंडाबळीची शंका कायद्यानंच धरलेली आहे. सासरच्यांना ‘घसरली’ म्हणणं भाग असतं आणि माहेरच्यांच्या मनात ‘मारली’ हे आधीच पक्कं झालेलं असतं. शेतकरी गेला तर आणखी निराळं. २००६ च्या शासन निर्णयानुसार आत्महत्या कर्जबाजारीपणामुळे झाली असं ठरलं तर कुटुंब एक लाखाच्या मदतीला पात्र. कर्ज सावकाराकडून तोंडी घेतलेलं असेल, सातबारा म्हाताऱ्या बापाच्या नावावर असेल, तर ते अपात्र ठरण्याचीच भीती. त्याच शेतकऱ्याचा मृत्यू अपघात ठरला तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या अपघात योजनेतून दोन लाख, पण तिथे आत्महत्या चालत नाही. शेजारी बसलेल्या दोन विधवांपैकी एकीला नवऱ्यानं जीव दिला हे सिद्ध करायचं असतं आणि दुसरीला तो दिला नाही हे. पदरात लहान मुलं असलेल्या अशा बाईला मी काय विचारणार, आणि तिच्या उत्तराचं काय करणार, असं मला वाटायचं.

यवतमाळचं २०१७ चं वर्ष आठवा. कपाशीवर कीटकनाशकं फवारताना विषबाधा होऊन त्या एका जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यांच्या अंगात गेलं ते विष आणि दुसऱ्या एखाद्या घरात जाणूनबुजून घेतलं गेलेलं विष एकाच दुकानातून आलेलं असू शकतं. व्हिसेरात विष कोणतं ते प्रयोगशाळा सांगते. ते अंगात का गेलं, हे तिला विचारण्यात अर्थ नसतो. हे सगळं मला माहीत होतं, तरी मी माझ्या ओळीपाशी थांबत असे. थांबण्यात एक सुरक्षितपणा होता.

या पद्धतीचा जन्म अशाच अडचणीतून झाला हे मला नंतर नीट कळलं. लॉस एंजेलिस काउंटीचे मुख्य वैद्यकीय तपासनीस थिओडोर कर्फी यांच्यापुढे झोपेच्या गोळ्यांनी झालेल्या मृत्यूंचे ढीग येत. रक्तातलं प्रमाण कळायचं, पण गोळ्या विसरून पुन्हा घेतल्या गेल्या की मरायच्या इराद्यानं घेतल्या, ते कळायचं नाही. तिथल्या मृत्युपत्रकावर मात्र काहीतरी लिहावंच लागे: नैसर्गिक, अपघात, आत्महत्या, खून, नाहीतर अनिर्णित. एडविन श्नाइडमन, नॉर्मन फार्बरो आणि रॉबर्ट लिटमन यांनी १९५८ मध्ये त्या शहरात आत्महत्या प्रतिबंध केंद्र सुरू केलं होतं. कर्फींनी त्यांची मदत मागितली. ही मंडळी मृताच्या घरी जात, जवळच्यांशी तासन्‌तास बोलत आणि मग मत देत. १९६२ च्या ऑगस्टमध्ये मेरिलिन मन्रो गेली तेव्हा कर्फींनी याच गटाकडून चौकशी करवून ‘संभाव्य आत्महत्या’ असा निष्कर्ष जाहीर केला आणि ही पद्धत जगाला माहीत झाली.

श्नाइडमननं चौकशीसाठी सोळा मुद्द्यांचा आराखडा केला होता. त्यात मृत्यूचा तपशील, आजारपणं, घरातले पूर्वीचे मृत्यू, दारू, शेवटच्या दिवसांत खाण्या-झोपण्यात पडलेला फरक हे तर आहेच. पण माणसाचे पुढचे बेत काय होते, त्याच्या आयुष्यात चांगलं काय घडत होतं, हाही एक मुद्दा आहे. आणि सांगणाऱ्यांची मृत्यूवर प्रतिक्रिया काय, हासुद्धा. म्हणजे सांगणाऱ्याचा स्वार्थ, अपराधीपणा, राग हे सगळं गृहीत धरूनच तो माणूस कामाला बसला होता. माझा आक्षेप त्याला माझ्या आधी सुचला होता आणि तो आक्षेप त्यानं आराखड्यातच ओवून टाकला होता.

तरीही वाचून मी बदलले नसते. बदलले ते एका विहिरीमुळे.

लग्नाला चार वर्षं झालेली मुलगी, दोन लेकरांची आई, पावसाळा सरता सरता भरलेल्या विहिरीत मिळाली. पी.एम. मीच केलं. बुडून मृत्यू, अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत. पंचनाम्यात लिहिलं होतं की मृताच्या चपला विहिरीपासून काही अंतरावर जोडीनं काढून ठेवलेल्या आढळल्या. बीटचे जमादार मला म्हणाले, “मॅडम, उडीच आहे ही. चपला पाहा ना कशा ठेवल्या. घसरणाऱ्याच्या चपला पायात राहतात, नाहीतर पाण्यात जातात.” मला ते बिनतोड वाटलं.

त्या वेळी आमच्याच कॉलेजातल्या मनोविकार विभागातल्या सोशल वर्कर अशा घरांत जाऊन मुलाखती घेत होत्या. तेरावं झाल्यावर त्यांनी मला सोबत चलण्याचा आग्रह केला. सासू ओसरीवर धाकट्या नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. सोशल वर्करताईंनी चपलांचा विषय काढला, तशी ती म्हातारी आमच्याकडे बघतच राहिली. म्हणाली, “बाई, हिरीवर चपला घालून कोण जाते? तिथं आसरा हायेत. आमच्याकडं तं लेकरूबी जात नाही.”

सासूच ती, तिचं म्हणणं तसंच कसं मानायचं? आम्ही विहिरीवर गेलो. काठाशी शेंदूर फासलेले साती आसरांचे दगड होते. दोन बाया पाणी शेंदत होत्या आणि त्यांच्या चपला अलीकडे, निंबाखाली, जोडीनं काढून ठेवलेल्या होत्या. जमादारांचा पुरावा तिथेच गळून पडला. त्यानं ती घसरली हे सिद्ध झालं नाही, पण जीव दिल्याची म्हणून जी एकुलती एक खूण फायलीत होती ती खूणच नव्हती, हे कळलं. टेबलावर मी हजार वेळा तपासणी केली असती तरी मला हे कळलं नसतं.

मग बाकीचं हळूहळू येत गेलं. गावातल्या शिवणवाल्या बाईकडे तिनं ब्लाउज टाकला होता, महालक्ष्म्यांच्या आधी पाहिजे म्हणून. आशाताईंना धाकट्याच्या लसीची तारीख विचारून गेली होती. हे सगळं जगण्याच्या बाजूचं. दुसरीकडे शेजारीण सांगत होती की दुसऱ्या बाळंतपणापासून ती रात्र रात्र जागी असायची, चुलीवर दूध उतू जात असलं तरी समोर बसून राहायची, चक्कर येते म्हणायची. घरच्यांनी तिला एका बाबाकडे नेलं होतं. आणि माहेरी आईनं डोळे पुसत सांगितलं की शेवटच्या फोनवर ती “मले घेऊन चाल” एवढंच म्हणत होती. त्या एका वाक्याचे किती अर्थ होतात! छळ, आजार, माहेरची ओढ, यातलं काहीही. आणि चक्कर? चक्कर तर ओल्या काठावर पाय घसरायलाही पुरेशी असते.

आम्हाला उत्तर मिळालं नाही. पण मला दिसलं ते असं की बाळंतपणानंतरच्या नैराश्याची लक्षणं महिनोन्‌महिने साऱ्या वाड्याला दिसत होती आणि त्यावर उपचार असतो हे कुणालाच ठाऊक नव्हतं. माझ्या ‘बुडून श्वासावरोध’ या ओळीत त्याचा मागमूस नव्हता. माझी ओळ खरी होती आणि तिचा त्या घराला काडीचाही उपयोग नव्हता.

तिथून मी बदलले. सोशल वर्करताईंचे कागद वाचू लागले, मग जगभरातलं वाचलं. सेंट लुइसला एली रॉबिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला १३४ आत्महत्यांचा अभ्यास, १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेला. चेन्नईला लक्ष्मी विजयकुमार आणि राजकुमार यांनी केलेली, १९९९ साली छापून आलेली, शंभर मृत आणि शंभर जिवंत माणसांची तुलना. वर्ध्याला शेतकरी आत्महत्यांवर भिसे आणि बेहेरे यांनी याच पद्धतीनं केलेला अभ्यास. यातल्या भारतातल्या दोन अभ्यासांतली मला भावलेली गोष्ट म्हणजे जोडी लावणं: गेलेल्या माणसाच्या घरी जे विचारलं तेच, त्याच वयाच्या, तशाच परिस्थितीतल्या जिवंत माणसाबद्दलही विचारायचं. कर्ज दोघांवरही असतं, भांडणं दोन्ही घरांत असतात. मग फरक कुठे पडला, हे त्यातूनच समोर येतं. पोलीस प्रशिक्षणाच्या वर्गांत मी हे सांगत सुटले. अकस्मात मृत्यूच्या प्रत्येक प्रकरणात अशी चौकशी व्हावी, तिचा अहवाल कोर्टापुढे यावा, असं मी म्हणू लागले. पुढे २०१८ मध्ये दिल्लीत बुराडीला एकाच घरातली अकरा माणसं गेली. सामूहिक आत्महत्या, असं सगळा देश म्हणत होता. सीबीआयच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेनं त्या घरातल्या वह्या वाचून, आप्तांशी बोलून मत दिलं की हा अपघात होता, विधी करताना घडलेला, मरण्याचा इरादा त्यात कुणाचा नव्हता. मला ते माझ्या बाजूचं मोठं प्रमाण वाटलं.

आणि मग ‘आयोवा’चं प्रकरण मी सविस्तर वाचलं. त्याची त्रोटक माहिती पाठ्यपुस्तकात असते, पण मूळ चौकशीचा क्रम एका बैठकीत वाचल्यावर मला रात्री झोप लागली नाही.

१९ एप्रिल १९८९. अमेरिकी नौदलाची युद्धनौका ‘आयोवा’ पोर्टो रिकोजवळ सराव करत होती. दुसऱ्या क्रमांकाच्या टरेटमध्ये, सोळा इंची तोफेत दारू भरताना स्फोट झाला आणि ४७ खलाशी जागीच गेले. दोष तोफेचा, दारूचा, प्रशिक्षणाचा, की माणसाचा? नौदलाची नजर क्लेटन हार्टविग या तरुण खलाशावर गेली. त्यानं आपल्या विम्याचा वारस म्हणून जहाजावरच्या मित्राचं नाव दिलं होतं. विम्याच्या पैशांबद्दल हार्टविगच्या बहिणीनं नौदलाला पत्र लिहिलं आणि त्या पत्रातून संशयाला सुरुवात झाली. एफबीआयच्या वर्तनशास्त्र विभागातल्या अधिकाऱ्यांनी त्याच्या मनाचं विश्लेषण केलं आणि निष्कर्ष काढला की त्यानंच मुद्दाम स्फोट घडवला, स्वतः मरण्यासाठी. त्यांनी साक्षीदारांशी स्वतः बोलून हे केलं नाही. नौदलानं गोळा करून दिलेले कागद वाचून केलं. सप्टेंबरमध्ये नौदलानं तेच जगाला सांगितलं.

एकलकोंडा, आयुष्याबद्दल नाराज, मित्राच्या नावे विमा. मी ती यादी वाचत होते आणि मला निंबाखालच्या चपला दिसत होत्या. यातली कुठली गोष्ट अशी आहे जी हजारो जिवंत, धडधाकट खलाशांबद्दल लिहिता आली नसती? ज्याच्याशी तुलना करायची तो जिवंत जोडीदार इथे कुठेच नव्हता.

अमेरिकी काँग्रेसच्या लष्करी समितीनं अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या मदतीनं तज्ज्ञांना ते विश्लेषण तपासायला दिलं आणि बहुतेकांनी ते टिकणारं नाही असं सांगितलं. सँडिया प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांना दिसलं की दारूच्या पिशव्या तोफेत गरजेपेक्षा जोरानं, जास्त आत रेटल्या गेल्या तर आपोआप पेट घेऊ शकतात, आणि १९९० च्या मे महिन्यातल्या चाचणीत तसा पेट घेतलाही. ऑक्टोबर १९९१ मध्ये नौदलप्रमुख अॅडमिरल फ्रँक केल्सो यांनी हार्टविगच्या कुटुंबाची माफी मागितली आणि स्फोटाचं नेमकं कारण ठरवता येत नाही असं मान्य केलं. मधली दोन वर्षं त्या आईबापांचा मुलगा ४६ जणांचा खुनी होता.

विहिरीवरच्या त्या चौकशीत आणि या चौकशीत पद्धत एकच होती, निदान नावानं. आमच्यावर उत्तर देण्याचं कसलंही दडपण नव्हतं. नौदलाला मात्र उत्तर हवंच होतं, आणि ते तोफेकडे बोट न दाखवणारं असलं तर बरंच होतं. त्यात ज्याच्यावर आरोप ठेवायचा तो हजर नाही, त्याचा वकील नाही. मानसिक चौकशी दुसरं काही नाही केलं तरी त्या माणसाची बाजू मांडते, असं मी वर्गात सांगत आले होते. तीच चौकशी त्याची बाजू कायमची बुजवूही शकते, हे मला त्या रात्री कळलं.

त्यानंतर मी माझीच आवडती संशोधनंही पुन्हा वाचली. मृत माणसाला मानसिक आजार होता की नाही हे नातेवाइकांच्या आठवणींवरून ठरवता येतं का, हा प्रश्न नॉर्वेच्या हाइडी येल्मेलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये रोखठोक विचारला आहे, आणि त्यांचं उत्तर ‘नाही’ असं आहे. त्यांच्याइतकी टोकाला मी जात नाही. रात्र रात्र न झोपणारी, दूध उतू जाताना बघत बसणारी बाई आजारी होती, हे म्हणायला मला फार धीर लागत नाही. पण तिच्या आजारामुळेच ती पाण्यात गेली, हे म्हणायला मात्र आता मी धजावत नाही. बुराडीच्या निष्कर्षाकडेही मी आता वेगळ्या नजरेनं बघते. तिथे मृतांनी स्वतः लिहून ठेवलेल्या वह्या होत्या. असं नशीब तपास करणाऱ्याला क्वचितच लाभतं, आणि त्या एका प्रकरणावरून सगळ्या विहिरींना नियम लावता येत नाही.

फ्लोरिडातल्या एका खटल्यात मुलीच्या आत्महत्येनंतर आईला मुलीच्या छळाबद्दल शिक्षा झाली. त्यात मानसिक शवचिकित्सेची साक्ष घेतली गेली आणि १९८९ मध्ये अपील कोर्टानं ती ग्राह्य धरली. पूर्वी मी हा निकाल वर्गात अभिमानानं सांगत असे. आपल्याकडे आत्महत्येस प्रवृत्त केल्याचं कलम, जुनं ३०६ आणि आता न्याय संहितेतलं १०८, कितीदा लावलं जातं ते सर्वांना माहीत आहे. त्या खटल्यांत असा अहवाल ‘हिच्यामुळेच तो मेला’ हे सांगायला वापरला गेला तर ते मला भीतीदायक वाटतं. कुणाला तुरुंगात पाठवण्याइतकं बळ या पद्धतीत नाही, आणि कधी येईल असं मला वाटत नाही.

तरीही अशी चौकशी व्हायला हवी, हे मत मी सोडलेलं नाही, आणि इथे माझे जुने सहकारी माझ्याशी भांडतात. त्यांचं म्हणणं, जे कोर्टात टिकत नाही त्यावर सरकारनं माणसं आणि पैसा का घालवावा? मला हे मान्य नाही. चौकशीला गेलेली बाई त्या ओसरीवर दोन तास बसते, तेव्हा घरातल्या दुसऱ्या कुणाला झोप लागत नाहीये हे तिला दिसतं. त्या विहिरीवाल्या घरातली धाकटी जाऊ तेव्हा सात महिन्यांची गरोदर होती. सोशल वर्करताई तिच्या बाळंतपणानंतरही त्या घरी जात राहिल्या. मागे राहिलेल्यांना सावरणं हा या कामाचाच भाग आहे, असं श्नाइडमनही मानत होता. तपासाच्या नादात तो भाग सगळ्यांनीच मागे टाकला, त्यात मीही आले.

आता मला कुणी अशा मृत्यूवर मत मागितलं तर मी एकटीनं देत नाही. दोघांनी वेगवेगळं बोलावं, वेगवेगळं लिहावं आणि मग ताडून बघावं, असा माझा हट्ट असतो. पोलिसांनी काय ठरवलंय ते मी आधी ऐकून घेत नाही. नुसत्या जबाबांच्या झेरॉक्सवरून मत द्या म्हणाले तर कागद परत पाठवते. आणि अहवालाच्या पहिल्याच पानावर ठळक लिहिते की या चौकशीवरून मृत अथवा जिवंत अशा कोणत्याही व्यक्तीला दोषी धरू नये, आणि मृत्यू कसा घडला हे ठरत नसेल तर तसंच नोंदवावं. मध्यंतरी एका तपास अधिकाऱ्यानं ती ओळ काढून द्या म्हणून फोन केला होता. साहेबांना फाइल बंद करायची आहे, म्हणाला. मी ओळ काढली नाही. त्यानं माझा अहवाल फायलीला लावला की नाही, ते विचारायला मी पुढच्या आठवड्यात ठाण्यात जाणार आहे.